कोकरू वाढते कशावर?



आज मी तुमच्याशी कोकरांच्या पोटाविषयी बोलणार आहे. विषय लहान दिसतो, पण तुमच्यापैकी ज्यांच्या दारात चार मेंढ्या आहेत, त्यांच्या घरचा पैसा याच पोटात तयार होतो. म्हणून थोडे लक्ष देऊन ऐका. मध्येच काही विचारावेसे वाटले तर विचारा.

आपला वर्धा जिल्हा कापसाचा. आर्वी, आष्टी, कारंजा हा भाग गवळाऊ गाईचा. शेळ्याही आपल्याकडे पुष्कळ. त्या मानाने मेंढ्या कमी. तरी धनगर आणि कुरमार यांच्या वस्त्यांवर मेंढ्या आहेत. देवळी तालुक्यात आणि आजूबाजूला कच्छकडचे रबारी आपली मेंढरे आणि उंट घेऊन येतात. त्यांचे कळप वावरात बसले की वावराला खत मिळते, हे कास्तकाराला ठाऊक आहे.

मेंढी पाळणाऱ्या माणसाला पैसा केव्हा लागतो? मृग जवळ आला की लागतो. बियाणे घ्यायचे असते, मुलांच्या वह्या घ्यायच्या असतात. हातात काही नसते. तेव्हा पहिला हात कोकराच्या दोरीला जातो. व्यापारी येतो. कोकराची पाठ चाचपतो, उचलून पाहतो आणि भाव सांगतो.

आता एक साधा हिशेब करू. दिवाळीच्या सुमारास एक कोकरू जन्मले. जन्मताना त्याचे वजन तीन किलो होते. मृगापर्यंत सात महिने झाले, म्हणजे सुमारे २१० दिवस. हे कोकरू रोज १०० ग्रॅम वाढले तर २१ किलो वाढले. तीन आणि एकवीस मिळून २४ किलो झाले. दुसरे कोकरू त्याच दिवशी जन्मले. तेही तीन किलोचे. पण ते रोज ५० ग्रॅमच वाढले. ते किती झाले? साडेतेरा किलो!

दोन्ही कोकरे एकाच जातीची. दोघांनाही तुम्हीच राखले. रोज फक्त ५० ग्रॅमचा फरक पडला, म्हणजे मूठभर फुटाण्यांइतका. पण मृगाला साडेदहा किलोचा फरक झाला. हे साडेदहा किलो गेले कुठे? ते चोराने नेले नाहीत. ते कोकराच्या अंगावर आलेच नाहीत. का आले नाहीत, तेच आज आपल्याला पाहायचे आहे.

विटा आणि मजुरी

कोकराचे अंग वाढणे म्हणजे घर बांधण्यासारखे आहे. घर बांधायला काय लागते? विटा लागतात. आणि विटा रचणाऱ्या मिस्त्रीची मजुरी लागते.

कोकराच्या अंगात मांस, रक्त, कातडी, लोकर हे सारे ज्या द्रव्याचे बनते, त्याला प्रथिन म्हणतात. प्रथिन म्हणजे विटा. डाळ, ढेप, हिरवा पाला, दूध यांत प्रथिन भरपूर असते.

कोकरू चालते, श्वास घेते, थंडीत अंग गरम ठेवते. आतल्या आत नवे मांस तयार करते. या सगळ्या कामाला शक्ती लागते. या शक्तीला ऊर्जा म्हणतात. ऊर्जा म्हणजे मजुरी. ज्वारी, मका, तेल, तूप, गूळ यांत ऊर्जा जास्त असते. गवत आणि कडबा यांतही ती असते, पण सावकाश आणि थोडी मिळते.

आता पाहा. विटांचा ढीग पडला आहे, पण मिस्त्रीला मजुरी दिली नाही. मग काय होईल? त्याला पोट आहे. तो विटाच विकून खाईल. कोकराच्या अंगातही असेच होते. ऊर्जा कमी पडली की अंग प्रथिन जाळून ऊर्जा काढते. तुम्ही महाग ढेप चारली, पण तिच्या विटा झाल्या नाहीत. ती सरपणासारखी जळून गेली.

उलट, मजुरी भरपूर दिली, पण विटाच नाहीत. मग मिस्त्री बसून राहतो. कोकराला नुसती ज्वारी चारली तर असेच होते. थोडी चरबी चढते, पण हाड आणि मांस भरत नाही.

म्हणून दोन्ही पाहिजेत, आणि योग्य मापात पाहिजेत. वाढत्या कोकराच्या आहाराचे सारे शास्त्र या एका गोष्टीत आहे.

पहिले तीन महिने

जन्मल्यावर कोकराला सगळ्यांत आधी काय हवे? चीक हवा. काही ठिकाणी पहिला चीक पिळून टाकून देतात. असे कधीही करू नका. चिकात प्रथिन तर असतेच, शिवाय रोगांशी लढणारे घटक असतात. कोकराच्या आतड्यातून ते घटक पहिल्या दिवशीच रक्तात जाऊ शकतात. दिवस उलटला की ते दार बंद होते. म्हणून जन्मल्यावर तासा-दोन तासांच्या आत कोकराच्या तोंडात चीक गेला पाहिजे. तीन किलोच्या कोकराला पहिल्या दिवसात निदान ३०० मिली चीक मिळावा. एकदम नको, चार-पाच वेळा मिळून.

मेंढीचे दूध घट्ट असते. गाईच्या दुधात शंभर भागांत साडेतीन भागांच्या आसपास प्रथिन असते. मेंढीच्या दुधात ते साडेपाच भाग असते. स्निग्धांशही सहा-सात भाग असतो. या दुधात विटाही आहेत आणि मजुरीही आहे. म्हणून दूध पिणारे कोकरू झपाट्याने वाढते. साधारणपणे पाच लिटर दूध पोटात गेले की कोकरू एक किलो वाढते.

पण दूध येते कुठून? मेंढीच्या पोटातून. मेंढी पाच महिने गाभण असते. पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. त्या दीड महिन्यात मेंढीला रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक दिला, तर कोकरू वजनदार जन्मते आणि आईच्या कासेत दूध उतरते. तेव्हा मेंढीला उपाशी ठेवले, तर पुढे कोकराला काय कमी पडले ते शोधत बसावे लागते. कोकराचा आहार त्याच्या जन्माआधीच सुरू होतो, हे विसरू नका.

मेंढीला जुळे झाले तर दूध वाटून जाते. मग बाहेरून जोड द्यावीच लागते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधल्या गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला आणि 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. एका वेताला दोन कोकरे म्हणजे फायदा खराच. पण दोन तोंडांना पुरेल इतके अन्न नसेल, तर एकही कोकरू धड वाढत नाही.

कोठीपोट कसे जागे होते

मेंढीला चार कप्प्यांचे पोट असते. त्यांतला पहिला मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. त्यात गवत साठते. कोट्यवधी सूक्ष्म जीव तेथे राहतात. विरजणाने दुधाचे दही होते ना? तसे हे जीव गवत आंबवून त्यातून शक्ती काढतात. ते स्वतः वाढतात आणि पुढे तेच पचून मेंढीला प्रथिन मिळते.

जन्मलेल्या कोकराचे कोठीपोट झोपलेले असते. दूध त्याला टाळून थेट शेवटच्या कप्प्यात जाते. म्हणून लहान कोकराला नुसत्या कडब्यावर ठेवले तर ते मरते. कोठीपोट जागे व्हायला कोरडे अन्न थोडे थोडे पोटात जावे लागते. कोकरू दोन आठवड्यांचे झाले की कोवळा पाला हुंगू लागते. तेव्हापासून त्याला चिमूटभर खुराक ठेवावा. दीड-दोन महिन्यांत कोठीपोट चांगले काम करू लागते.

पण खुराक ठेवला की मोठ्या मेंढ्या तो फस्त करतात. मग काय करावे? गोठ्याच्या कोपऱ्यात बांबूचे कुंपण घाला. दोन बांबूंमध्ये वीतभर फट ठेवा. कोकरू आत जाते, मेंढी जात नाही. आत खुराकाचे भांडे आणि स्वच्छ पाणी ठेवा. खर्च काही नाही. बांबू आपल्या धुऱ्यावरचा, आणि मेहनत एका दुपारची.

खुराक किती द्यावा? महिन्याच्या कोकराला ५० ग्रॅम, दोन महिन्यांच्या कोकराला १०० ग्रॅम, तीन महिन्यांच्या कोकराला २०० ते २५० ग्रॅम. रोज थोडे थोडे वाढवत जा.

फाल्गुनातला घात

आता खरी गोष्ट ऐका. आपल्याकडे पुष्कळ कोकरे थंडीत जन्मतात. पावसाळ्यात मेंढी माजावर येते, फळते, आणि दिवाळीनंतर विते. तेव्हा धुऱ्यावर हिरवे असते. वेचणी झालेल्या पऱ्हाटीचा पाला असतो. मेंढीला दूध असते. कोकरू मजेत वाढते.

तीन महिने होतात. माघ-फाल्गुन येतो. आईचे दूध आटते. याच वेळी रानातले गवत वाळून तणस होते. कोकराची भूक वाढते आणि अन्नातले सत्त्व घटते. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात होतात. कोकरू तिथेच अडकते.

आपण म्हणतो, "रान तर भरलेले दिसते, पोटही फुगलेले दिसते, मग कोकरू वाळते कसे?" पोट फुगलेले आहे, पण ते वाळल्या गवताने. हिरव्या कोवळ्या गवतात प्रथिन पुष्कळ असते. तेच गवत उन्हाळ्यात वाळले की शंभर भागांत तीन-चार भागच उरते. सात भागांच्या खाली प्रथिन गेले, की कोठीपोटातले सूक्ष्म जीव उपाशी पडतात. ते उपाशी पडले की गवत पचत नाही. पचले नाही की ते पोटात पडून राहते. पोट रिकामे होत नाही, म्हणून कोकरू आणखी खात नाही. अशी ही साखळी आहे. पोट भरलेले आणि जीव उपाशी!

आणि त्याच दिवसांत कोकरू चाऱ्यासाठी कोस-दोन कोस चालते. ऊन लागते. पाणी लांब असते. त्या चालण्यातच त्याची बरीचशी ऊर्जा संपते.

कागदावर मांडून पाहू

समजा, आपले कोकरू १५ किलोचे आहे. ते रोज १०० ग्रॅम वाढावे अशी आपली इच्छा आहे. त्याला साधारण किती लागेल?

कोरडा धरून चारा आणि खुराक मिळून ६०० ग्रॅम. म्हणजे वजनाच्या शंभर भागांत चार भाग.

त्यात प्रथिन ७५ ते ८० ग्रॅम.

आणि अंगी लागणारे पचनीय अन्न ३६० ते ४०० ग्रॅम. यावरून ऊर्जा मोजतात.

आता नुसता ज्वारीचा कडबा दिला तर? कडब्यात शंभराला चार भाग प्रथिन. ६०० ग्रॅममध्ये फक्त २४ ग्रॅम झाले. गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच! पचनीय अन्न ३०० ग्रॅम. दोन्ही कमी. शिवाय नुसता कडबा ते ६०० ग्रॅम खाणारच नाही.

बरे, नुसती ज्वारी दिली तर? दाण्यात शंभराला साडेनऊ भाग प्रथिन. ६०० ग्रॅममध्ये ५७ ग्रॅम. पचनीय अन्न ४८० ग्रॅम. मजुरी जास्त झाली, विटा कमी पडल्या. आणि इतका दाणा खाऊन कोठीपोट आंबट होईल, कोकरू आजारी पडेल, ते वेगळेच.

आता तिसरी रीत पाहा. ३५० ग्रॅम पानांचे तुरीचे कुटार द्या. त्यात शंभराला नऊ भाग प्रथिन धरू. म्हणजे साडेएकतीस ग्रॅम. त्यावर २५० ग्रॅम खुराक द्या. खुराकात शंभराला अठरा भाग प्रथिन. म्हणजे ४५ ग्रॅम. दोन्ही मिळून साडेशहात्तर ग्रॅम झाले. पचनीय अन्न ३६० ग्रॅमच्या वर गेले. ताजवा बरोबर आला.

कोकरू लहान तर विटा जास्त लागतात, मोठे झाले की त्या मानाने कमी. म्हणून दूधपित्या कोकराच्या खुराकात शंभराला अठरा भाग प्रथिन असावे. दूध तुटल्यावर सगळ्या आहारात मिळून तेरा-चौदा भाग पुरे. पंचवीस किलोच्या पुढे बारा भागांतही भागते.

आपल्या वावरात काय आहे?

कोणी म्हणेल, "हे सगळं खरं हो, पण एवढा खुराक आणावा कोठून?" सगळे विकत आणू नका. आधी आपल्या वावराकडे पाहा.

तुरीचे कुटार. पौष-माघात तूर निघते. पाने आणि शेंगांची फोलपटे असलेले कुटार कोकरासाठी बाजूला ठेवा. जाड काड्या ढोरांना घाला.

हरभऱ्याचे कुटार. हेही चांगले, पण दव लागून काळे पडलेले घेऊ नका.

सोयाबीनचे कुटार. यात प्रथिन बेताचे आणि काडी टणक. एकट्यावर कोकरू वाढणार नाही. मिसळून द्या.

भुईमुगाचा पाला. सगळ्यांत उत्तम. वाळवून, पाने झडू न देता साठवा.

बाभळीच्या शेंगा. वैशाखात त्या पडतात. पोरांना सांगून गोळा करा, वाळवा, भरडून ठेवा. शंभराला बारा भाग प्रथिन फुकट मिळते. मात्र त्या तुरट असतात. रोज मूठभरच द्या.

बोरीचा, अंजनाचा, शेवग्याचा, सुबाभळीचा पाला. सुबाभळीत प्रथिन पुष्कळ. पण तीच ती घातली तर त्यातल्या एका विषारी द्रव्याने लोकर गळते. म्हणून हिरव्या चाऱ्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नको.

आता खुराक. घरी असा करता येतो. ज्वारीचा किंवा मक्याचा भरडा ४० किलो, भुईमुगाची ढेप २० किलो, तुरीची चुनी २० किलो, गव्हाचा कोंडा १७ किलो, मेंढ्यांसाठीचे खनिज मिश्रण २ किलो आणि मीठ १ किलो. झाले १०० किलो. यात शंभराला अठरा भाग प्रथिन येते. शेजारच्या चार घरांनी मिळून केला तर भाव बरा पडतो.

पोत्यावरची अक्षरे

आता ढेपेविषयी. तीळ, जवस, भुईमूग यांचे तेल काढले की जे उरते ती ढेप. तेल काढण्याची रीत जशी, तशी ढेप. बैलघाणीच्या ढेपेत तेल जास्त राहते. यंत्राच्या ढेपेत त्याहून कमी राहते. रसायनाने तेल काढलेल्या पेंडीत ते जवळजवळ उरतच नाही. आपल्या वर्ध्यात मगनवाडीला, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने घाणी सुधारण्याचे काम केले होते. घाणीच्या ढेपेत विटाही मिळतात आणि राहिलेल्या तेलामुळे मजुरीही मिळते. तेल निघालेल्या पेंडीत विटा जास्त, पण मजुरी कमी. अशी पेंड घातली तर भरडा थोडा वाढवावा.

तुम्ही आता अक्षरे वाचायला शिकला आहात. मग ढेपेच्या किंवा खुराकाच्या पोत्यावर काय छापले आहे ते वाचा. त्यावर 'प्रथिने' असे लिहिलेले असते आणि पुढे आकडा असतो. स्निग्धांश, तंतू आणि ओलावा यांचेही आकडे असतात. प्रथिनाचा आकडा मोठा असेल तर चांगले. तंतूचा आणि ओलाव्याचा आकडा मोठा असेल तर सावध व्हा. तंतू जास्त म्हणजे टरफल जास्त. ओलावा जास्त म्हणजे तुम्ही पाण्याचे पैसे देता.

स्वस्त पोते नेहमी स्वस्त नसते. समजा, सरकीची ढेप ३३ रुपये किलो आहे आणि तिच्यावर प्रथिने २२ टक्के लिहिले आहे. एका किलोत २२० ग्रॅम प्रथिन आले. एक ग्रॅम १५ पैशांना पडला. भुईमुगाची ढेप समजा ४८ रुपये किलो आहे आणि प्रथिने ४० टक्के. एका किलोत ४०० ग्रॅम. एक ग्रॅम १२ पैशांना पडला. महाग दिसणारी ढेपच स्वस्त निघाली! हे आकडे मी नमुन्याला घेतले. तुम्ही आपल्या बाजाराचे आकडे घालून असाच भागाकार करा. ज्याला पोते वाचता येते, त्याला दुकानदार सहज फसवू शकत नाही.

जपायच्या गोष्टी

काही गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा. त्यात चूक झाली तर कोकरू हातचे जाते.

तीन महिन्यांच्या आतल्या कोकराला सरकी किंवा सरकीची ढेप देऊ नका. सरकीत एक विषारी द्रव्य असते. मोठ्या मेंढीचे कोठीपोट ते बऱ्याच अंशी निकामी करते. लहान कोकराला ते जमत नाही.

युरिया कोकराला मुळीच नको.

बुरशी आलेली ढेप फेकून द्या. भुईमुगाच्या ढेपेला ओल लागली की बुरशी येते आणि तिचे विष यकृत बिघडवते. "वाळवून घातली तर काय होते?" असे म्हणू नका. वाळवल्याने विष जात नाही.

गाईचे खनिज मिश्रण मेंढीला देऊ नका. त्यात तांबे जास्त असते. मेंढीला जास्त तांबे सोसत नाही.

फवारणी केलेल्या पऱ्हाटीत कोकरे सोडू नका. ज्वारी कापल्यावर फुटलेले कोवळे फुटवेही खाऊ देऊ नका. त्यांत जहर असते.

खुराक एकदम वाढवू नका. उपाशी कोकराला एका दिवसात पोटभर दाणा मिळाला, की आंत्रविषार होतो. सकाळी कळपातले सगळ्यांत गुबगुबीत कोकरूच मेलेले सापडते. लोक म्हणतात, दृष्ट लागली. दृष्ट नव्हे, तो जंतूच्या विषाचा रोग आहे. पावसाळ्याआधी त्याची लस टोचून घ्या.

जंतांचे औषध पाजा. पोटातले जंत रक्त पितात. रक्त म्हणजे प्रथिनच. जंत झालेल्या कोकराला खुराक घालणे म्हणजे भोक पडलेल्या मडक्यात पाणी ओतणे. कोणते औषध, किती आणि केव्हा, ते जनावरांच्या दवाखान्यात विचारा. पीपीआर रोगाची लसही तेथेच टोचून मिळते.

आणि पाणी. पाणी कमी पडले की कोकरू चारा खाणे कमी करते. उन्हाळ्यात दिवसातून दोन-तीन वेळा स्वच्छ पाणी दाखवा.

"आमच्या बुढ्यानं कधी ढेप चारली काय?"

असे कोणी तरी विचारणारच. प्रश्न बरोबर आहे. आजोबांनी ढेप चारली नाही, तरी त्यांची मेंढरे जगली. पण आजोबांच्या वेळचे रान आठवा. गायरान मोठे होते. वावरोवावरी ज्वारी होती, कडब्याच्या गंज्या होत्या. रान सरले की पुढच्या रानात जाता येत होते. १९८० नंतर आपल्याकडे सोयाबीन पसरले आणि ज्वारी मागे पडली. गायराने आखडली. बोरच्या जंगलात पूर्वीसारखे चारता येत नाही. आजोबांच्या मेंढ्या जे रानातून उचलत होत्या, ते आता आपल्याला भांड्यात घालावे लागते.

पण मी सगळ्यांना सरसकट खुराक घाला असे म्हणत नाही. आधी परवडते का ते पाहा. समजा, खुराकामुळे कोकरू रोज ५० ग्रॅम जास्त वाढले. ९० दिवसांत साडेचार किलो जास्त. रोज २५० ग्रॅमप्रमाणे ९० दिवसांत खुराक लागला साडेबावीस किलो. म्हणजे एक किलो वजन वाढायला पाच किलो खुराक. आता बाजारात विचारा. पाच किलो खुराकाची किंमत एक किलो जिवंत कोकराच्या किमतीपेक्षा कमी आहे का? कमी असेल तर घाला. जास्त असेल तर कुटार आणि पाल्यावर भर द्या. श्रावणापासून कार्तिकापर्यंत रान हिरवे असते. तेव्हा मोठ्या कोकराला खुराक थोडाच पुरतो. फाल्गुनापासून मृगापर्यंत मात्र हात आखडू नका. तेच दिवस कोकराला घडवतात किंवा बिघडवतात.

ज्यांच्याकडे मेंढ्या नाहीत, शेळ्या आहेत, त्यांनी हे सगळे आपल्याला लागू नाही असे समजू नये. आपल्या बेरारी शेळीच्या पिल्लालाही चीक, दूध, पाला आणि खुराक याच क्रमाने लागतात. विटा आणि मजुरीचा नियम त्यालाही आहे. शेळी झाडपाला जास्त खाते, एवढाच फरक.

यासाठी मदत हवी असेल तर विचारायला लाजू नका. राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ पासून आहे. अमरावतीजवळ पोहरा येथे त्याचे प्रक्षेत्र आहे. राजस्थानात अविकानगर येथे १९६२ पासून मेंढीवर संशोधन करणारी केंद्राची संस्था आहे. आणि सगळ्यांत जवळचा म्हणजे आपल्या तालुक्याचा जनावरांचा दवाखाना.

वजनाची वही

शेवटी एक काम सांगतो. एक वही घ्या. दर पंधरा दिवसांनी, सकाळी चरायला जाण्यापूर्वी, कोकरू पिशवीत बसवून लटकत्या काट्याने तोला. वजन वहीत मांडा. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात कोकराची खूण, तिसऱ्यात वजन. पंधरा दिवसांत दीड किलो वाढले तर रोजचे १०० ग्रॅम पडले. पाऊण किलोच वाढले तर ५० ग्रॅम. वाढ थांबलेली डोळ्यांना महिना-दीड महिना कळत नाही. वहीला पंधरा दिवसांत कळते. तेवढ्या वेळात उपाय करता येतो.

आणि व्यापारी आला, त्याने कोकरू उचलले आणि "चौदा किलोच्या वर नाही" म्हटले, तर वही पुढे करा. काटा पुढे करा. घरातल्या बाईने लिहिलेली वही असली तरी काटा तेच वजन दाखवतो.

एवढे लक्षात ठेवा

जन्मल्यावर दोन तासांच्या आत चीक पाजा.

गाभण मेंढीला शेवटचा दीड महिना खुराक द्या.

दोन आठवड्यांपासून कोकरासाठी वेगळा कोपरा करा.

प्रथिन म्हणजे विटा, ऊर्जा म्हणजे मजुरी. दोन्ही मापात हवीत.

तुरीचे कुटार, भुईमुगाचा पाला आणि बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यासाठी राखून ठेवा.

पोत्यावरचा प्रथिनाचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

दर पंधरा दिवसांनी वजन करा आणि लिहून ठेवा.

बंधुभगिनींनो, रोजचे ५० ग्रॅम म्हणजे मुठीत मावेल इतके. ते कोकराच्या अंगी लागले, तर मृगाच्या तोंडावर दुसऱ्यापुढे हात पसरावा लागणार नाही. आता दिवाळीनंतर ज्यांच्या मेंढ्या विणार आहेत, त्यांनी कुंपणासाठी बांबू आजच काढून ठेवावेत.